ताटी आतून उघडावी लागते



वाचक माउली, आज एक साधा प्रश्न घेऊन आपल्यापुढे बसलो आहे. घरात किंवा शाळेत दोन मुले भांडली म्हणजे आपण काय करतो? एकाला दटावतो, दुसऱ्याला जवळ घेतो, "चला, पाया पडा एकमेकांच्या, मिटलं भांडण," असे म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. भांडण खरोखर मिटले की नुसते झाकले गेले, हे पाहायला आपण थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो. ती हकिगत पुढे सांगणार आहे, कारण ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

प्रश्न असा आहे : मुलांचे भांडण मिटवणे हे काम कोणाचे? थोरांचे, की भांडणाऱ्यांचेच?

पंढरीची वाट चाललेल्या माणसाला याचे अर्धे उत्तर ठाऊक असते. आषाढी वारीत माउलींची पालखी संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर येते. दिंड्या भोवती गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार हातातला चोप उंच करतात, "हो" अशी आरोळी देतात आणि त्यासरशी तो अफाट समाज गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. तो उद्धटपणा नव्हे, ती रीतच आहे. मग त्या दिंडीला विचारले जाते : काय झाले? तक्रार सर्वांसमक्ष ऐकली जाते, तोडगा निघतो, टाळ थांबतात, आणि त्यानंतर समाज आरती होते.

मी तरुणपणी हे पाहत असे, तेव्हा मला त्यात शिस्त तेवढी दिसे. आता वाटते, त्यात शिस्तीहून मोठी गोष्ट आहे. ज्याचे दुखले आहे त्याने आपले टाळ वाजवावेत, हा त्याचा हक्क आपल्या पूर्वजांनी मान्य केला. आणि मनात किल्मिष घेऊन देवापुढे उभे राहू नये, म्हणून आरतीआधी ते धुऊन घेण्याची जागा ठेवली.

आता शाळेकडे वळू.

आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग आहेत. आठवड्यातून एक दिवस मी तिथे अभंगांच्या चाली शिकवायला जातो. गुडघ्यांमुळे उभ्याने कीर्तन होत नाही, पण बसून टाळ धरता येतो. तिथल्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी एक नवी रीत सुरू केली. सहावी-सातवीच्या मुलांना त्यांनी विचारले, "तुझं कुणाशी भांडण झालं, तर ते कुणाजवळ सांगावंसं वाटेल? चिठ्ठीवर नाव लिही." ज्यांची नावे जास्त आली अशी आठ मुले निवडली. त्यात पहिल्या नंबरची मुले थोडी आणि साधी, ऐकून घेणारी मुले जास्त. शाळेत त्यांना समेटकरी म्हणतात. वारकरी, टाळकरी, विणेकरी, तसे हे समेटकरी! माझी नात त्यांतलीच एक.

त्यांचे नियम मी समजून घेतले. भांडणारे दोघेही आपल्या खुशीने आले तरच बसायचे. समोर दोन समेटकरी. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही. शिवी नाही, टोमणा नाही. एकाचे सांगून झाले की दुसऱ्याने ते आपल्या तोंडाने परत सांगायचे आणि पहिला "हो, असंच," म्हणेपर्यंत पुढे जायचे नाही. समेटकऱ्यांनी दोष कोणाचा हे ठरवायचे नाही, शिक्षा सांगायची नाही. तोडगा भांडणाऱ्यांनीच काढायचा. आणि तिथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. ही रीत बाईंनी स्वतः शोधलेली नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांतल्या शाळांतून १९८० नंतरच्या दशकात ती रुजली आणि पुढे अनेक देशांत गेली, असे त्यांनीच मला सांगितले.

एकदा मी तिथे असतानाच एक तंटा आला. त्या दोन्ही मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने तो इथे लिहितो. नावे लिहीत नाही. मीही बसू का, असे विचारले तेव्हा नात म्हणाली, "बसा आबा, पण बोलायचं नाही." पन्नास वर्षे नारदाच्या गादीवरून बोललेला मी, गप्प बसलो.

तंटा असा : दुपारच्या जेवणाच्या रांगेत एका मुलाने दुसऱ्याच्या तोंडावर ताट मारले. ओठ फुटला. आपण असतो तर निकाल दोन मिनिटांत लागला असता. मारणारा दोषी. चल, माफी माग.

समेटकऱ्यांनी मारणाऱ्याला विचारले, "ताट मारायच्या आधी काय झालं होतं?" तो बोलेना. पोरे थांबली. थांबणे किती अवघड असते हे मला त्या दिवशी कळले; माझ्या जिभेवर चार उपदेश येऊन परत गेले. शेवटी तो म्हणाला, "हा मला पाहुणा म्हणतो."

आमचा भाग ऊसतोडीचा. दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलपे लागतात आणि माणसे कोपीवर जातात, ती उन्हाळा लागता परत येतात. हा मुलगा दरवर्षी आईबापांबरोबर जातो. परत येतो तेव्हा त्याच्या बाकावर दुसरा कोणी बसलेला असतो आणि वर्ग पुढे गेलेला असतो. तशात हा दुसरा मुलगा म्हणाला, "आला बघा पाहुणा." रांगेत पुन्हा म्हणाला, "पाहुण्याला आधी वाढा."

नियमाप्रमाणे दुसऱ्याला हे सारे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले. "मी पाहुणा म्हटल्यावर त्याला वाटतं, की ही शाळा त्याची नाही." हे वाक्य म्हणता म्हणता तो मुलगा खाली पाहू लागला. त्याच्या मनात थट्टाच होती, तो खोटे बोलत नव्हता. पण आपल्या थट्टेचा आवाज दुसऱ्याच्या कानात कसा होतो, हे त्याने पहिल्यांदा ऐकले. मग ताट मारणाऱ्यानेही फुटलेल्या ओठाचे दुखणे आपल्या तोंडाने सांगितले.

"आता काय झालं म्हणजे बरं वाटेल?" असे विचारल्यावर ऊसतोडीचे लेकरू म्हणाले, "मी जाईन तेव्हा माझी जागा ठेवा." बस्स. त्याला दुसऱ्याला शिक्षा नको होती, बाकावरची जागा हवी होती. दुसऱ्याने ते कबूल केले. यंदा तो गेला, तेव्हा याने बाकावर त्याच्या जागी खडूने नाव लिहिले आणि पुसले गेले की पुन्हा लिहीत असे. हा तोडगा मला सुचला नसता, माउली. मी क्षमेवर एक दृष्टांत सांगितला असता आणि लेकरू तसेच जागेविना राहिले असते.

आता कीर्तनात जसा पूर्वपक्ष मांडतात तसा तो मांडतो. कोणी म्हणेल, महाराज, मुले ती मुले. त्यांना न्यायाची काय समज? ती पक्षपात करतील, नाही तर थोरांपेक्षा कठोर होतील. आणि शिक्षकांनी आपले काम मुलांच्या गळ्यात का घालावे?

शंका खोटी नाही. तिला उत्तर म्हणून बाईंनी मला एका परदेशी डॉक्टरांची हकिगत वाचून दाखवली. त्यांचे नाव यानुश कोर्चाक. पोलंड देशातल्या वॉर्सा शहरात १९१२ साली त्यांनी ज्यू अनाथ मुलांसाठी घर उघडले. तिथे त्यांनी मुलांचे न्यायालय बसवले. पाच मुले न्यायाधीश. ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही तक्रार नसेल अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून ते निवडले जात. तक्रार कोणीही, कोणाविरुद्धही करावी. त्यासाठी कायदा लिहिला होता आणि कलमांचे आकडे एक हजारापर्यंत होते. जसा आकडा मोठा तसा दोष मोठा. पण पहिली नव्व्याण्णव कलमे कसली होती? सारी सोडून देण्याची, क्षमा करण्याची. नकळत केले असेल तर आता कळेल. पहिल्यांदाच केले असेल तर पुन्हा करणार नाही, असा त्यांचा भाव. मुलांच्या हाती न्याय देताना त्यांनी शिक्षा शेवटी ठेवली आणि क्षमा आधी ठेवली. मुले कठोर होतील की मायाळू, हे त्यांच्या हाती आपण काय देतो यावर आहे.

कोर्चाकांचे न्यायालय निवाडा देई, आमचे समेटकरी देत नाहीत, हा फरक आहेच. पण मला अडवले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या न्यायालयासमोर खुद्द कोर्चाक उभे राहिले. सहा महिन्यांत पाच वेळा त्यांनी स्वतःविरुद्ध तक्रार केली. एकदा मुलाला मारले म्हणून. एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. घराचा धनी, नावाजलेला डॉक्टर, आणि लेकरांसमोर आरोपी! पुढे हिटलरच्या सैन्याने ज्यूंना कोंडवाड्यात घातले. त्या कोंडवाड्यात १९४२ च्या जुलैमध्ये या मुलांनी आपल्या रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक केले. ऑगस्टमध्ये मुलांना मृत्यूच्या छावणीकडे नेले. कोर्चाकांना सुटण्याची संधी लोकांनी देऊ केली होती. त्यांनी ती घेतली नाही आणि सुमारे दोनशे लेकरांबरोबर ते गेले.

बाई वाचत होत्या आणि मला त्या संशय घेतलेल्या मुलीपाशीच थांबावेसे वाटले. कारण माझीही एक तक्रार माझ्याविरुद्ध होती, आणि ती मी चाळीस वर्षे दाबून ठेवली होती.

तेव्हा मी इंद्रायणीकाठी एका वारकरी विद्यार्थी संस्थेत शिकवीत होतो. तिथे दोन मुले पखवाज शिकत. एक चांगल्या घरचा, चुणचुणीत. दुसरा अबोल, पण हात असा की धुम्यावर थाप पडली म्हणजे माणसाने मान वर करावी. एका सकाळी पखवाजाची पुडी फाटलेली निघाली. चुणचुणीत म्हणाला, "यानंच कापली. काल साथीला याला घेतलं नाही म्हणून." मला दुसऱ्या गावी कीर्तनाला जायचे होते, गाडी उभी होती. मी अबोल मुलाकडे पाहिले. तो काही बोलला नाही. त्याचे गप्प राहणे म्हणजे मी कबुली समजलो आणि सगळ्या मुलांसमोर म्हणालो, "धर त्याचे पाय."

त्याने पाय धरले. मी म्हणालो, "झालं, मिटलं." आठ दिवसांनी तो घरी गेला, तो परत आला नाही.

पुढे चातुर्मासात झाडलोट करताना ट्रंकेमागे उंदराचे घरटे सापडले. त्यात चामड्याचे कुरतडलेले तुकडे होते. धुम्याची कणीक त्या रात्री कोणी खरवडून काढली नव्हती. कणकेच्या वासाने उंदीर आला होता. दोष कोणाचाच नव्हता. असलाच तर माझा, कारण रात्री वाद्ये पाहून झाकणे माझे काम होते.

तेव्हा मी त्या मुलाला एक पोस्टकार्ड टाकायला हवे होते. टाकले नाही. गुरुजी चुकले हे शिष्याला कसे कळवावे, याची लाज वाटली. त्याच वर्षी मी कितीतरी गावी क्षमेवर निरूपण केले.

माझी चूक नुसती घाईची नव्हती, माउली. आपल्या संप्रदायात एकमेकांच्या पाया पडणे ही केवढी थोर गोष्ट! वारीत ऐंशी वर्षांचा म्हातारा पंधरा वर्षांच्या पोराच्या पायांवर डोके ठेवतो. वय विचारत नाही, जात विचारत नाही. ती कृती आपखुशीची असते आणि दोन्ही बाजूंनी असते. मी ती एका बाजूने आणि हुकमाने करवली. जिथे विठ्ठल पाहायचा ते पाय मी शिक्षेचे साधन केले. त्यानंतर कोणाच्या पाया पडताना त्या लेकराला काय वाटले असेल, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

हुकमाने माफी मागवता येते; क्षमा हुकमाने निघत नाही. या जागी मला मुक्ताई आठवते. लोकांच्या बोलण्याने जीव विटून ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, ही कथा आपण सारे लहानपणापासून ऐकतो. त्यांना बाहेर कोणी बोलावले? थोरल्या निवृत्तिनाथांनी आज्ञा केली असती तर ताटी उघडली असती. ते गुरूच होते. पण संप्रदायाने जपून ठेवले ते ताटीचे अभंग सर्वांत धाकटीचे आहेत. परंपरेच्या हिशोबाने ज्ञानदेवांहून ती चार वर्षांनी लहान. तिने ताटी मोडली नाही. लोकांचे खरे की तुमचे खरे, असा निवाडाही दिला नाही. ती बाहेर उभी राहिली, भावाचे दुःख तिने ओळखले आणि तो कोण आहे याची त्याला आठवण दिली. ताटी ज्ञानदेवांनीच उघडली.

रुसलेल्या मनाची ताटी आतूनच उघडावी लागते. बाहेरून ढकलली तर मोडते, आणि मोडलेल्या ताटीला आपण उघडलेली समजतो. समेटकरी मुले ती ढकलत नाहीत. तिच्याबाहेर थांबतात, एवढेच त्यांचे काम. आणि बरोबरीच्या मुलाने थांबणे आणि थोराने थांबणे यांत फरक पडतो. थोर समोर असला की मूल त्याला आवडेल ते बोलते. बरोबरीचा असला की खरे बोलते.

पण एक गोष्ट ठामपणे सांगतो, नाही तर माझ्या लिहिण्याचा कोणी भलता अर्थ घेईल. प्रत्येक गोष्ट भांडण नसते. भांडण दोघांचे असते. एक बलवान मूल दुर्बळाला रोज छळत असेल, तर ते भांडण नव्हे, तो जुलूम आहे. तिथे दोघांना समोरासमोर बसवणे म्हणजे दुर्बळाला पुन्हा एकदा त्याच्या हाती देणे. कोणी लेकराच्या अंगाला वाईट हेतूने हात लावला असेल, कोणाच्या जिवाला धोका असेल, कोणी मोठे माणूस त्यात असेल, तर ते थोरांनीच हाती घ्यायचे, आणि तेही लगेच. आमच्या शाळेत समेटकऱ्यांना पहिला धडा हाच दिला आहे : हे आपल्याला उचलणारे नाही असे वाटले की ताबडतोब बाईंकडे जायचे. आणि ज्याला क्षमा करायची नाही, त्याला करायला लावायचे नाही. काही जखमांना वेळ लागतो. काही भरत नाहीत. त्याचा दोष जखमीवर टाकू नये.

मग थोरांचे काम काय उरले? फार उरले. जागा द्यायची, वेळ द्यायचा, नियम पाळले जातात का हे पाहायचे, जुलूम ओळखायचा, आणि आपली पाळी आली म्हणजे लेकरांसमोर बसायचे. हे शेवटचे सर्वांत अवघड.

त्या अबोल मुलाची पुढची गोष्ट राहिली. कोर्चाकांची हकिगत ऐकली त्याच वर्षी आषाढीला मी गाडीने वाखरीच्या तळावर गेलो होतो. एक पन्नाशीचा गृहस्थ वारकऱ्यांना चहा वाटत होता. माझ्यासमोर आला, थबकला आणि रीतीप्रमाणे पाया पडला. मी त्याला ओळखले. मीही वाकलो आणि त्याच्या पायांना हात लावला. आता नाही तर कधीच नाही, असे म्हणून उंदराची सारी हकिगत सांगितली आणि म्हणालो, "माझं चुकलं."

तो थोडा वेळ किटलीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "महाराज, उंदराचं मला आज कळलं. पण पुडी मी कापली नव्हती, हे तर मला तेव्हाच ठाऊक होतं. पाय धरल्याचंही काही नाही. मला कुणी विचारलंच नाही, एवढंच मनात राहिलं."

मी विचारले, "पखवाज वाजवतोस का रे?"

"नाही," तो म्हणाला. माझ्या हातात चहाचा पेला दिला आणि पुढच्या माणसाकडे गेला.

त्याने मला क्षमा केली की नाही, ते मी विचारले नाही. तो हक्क त्याचा आहे. पण त्याचे टाळ चाळीस वर्षे वाजत होते आणि मी आरती करून मोकळा झालो होतो, एवढे मला कळले.

वाचक माउली, तुमच्या घरी, दिंडीत, सप्ताहाच्या मंडपात मुले असतातच. ती भांडतील. काल्याच्या कीर्तनात आपण गोपाळांच्या खोड्या आणि रुसवे रंगवून सांगतोच की! यापुढे त्यांचे भांडण समोर आले, तर निवाडा देण्याआधी दोघांनाही विचारा. बोलणारे पोर बोलेल. न बोलणाऱ्यासाठी जरा जास्त थांबा. जवळच्या शाळेत बाई-गुरुजी असे काही करू पाहत असतील, तर "पोरांना काय कळतं" असे म्हणू नका. जाऊन बसा. बोलू नका.

आणि आपल्याही हातून एखाद्या लेकरावर निवाडा चुकला असेल, तर पोस्टकार्डाला उशीर करू नका. मी केला.

रामकृष्ण हरी.